मास्तरीणबाईंचा होकार

"उचलू का?"

जावयानं विचारलं आणि तो थांबला. दोन्ही हात पुढे, तळवे वर, जणू कुणी त्याच्या हातांवर बाळ ठेवणार होतं. पलंगावर मास्तरीणबाईंनी डोळे मिटून घेतले. चालणाऱ्या एकाच हातानं त्यांनी पलंगाची दांडी पकडून ठेवली होती.

"उचलू का?"

थोरलीनं चादर बगलेत मारली, पलंगाच्या डोक्याशी वाकली आणि दांडीवरची बोटं सोडवायला लागली. करंगळीपासून. करंगळी आधी सुटली की बाकीची फार भांडत नाहीत. बोटं सुटली तसा तिनं तो हात आपल्या मुठीत धरला आणि म्हणाली,

"हंऽ... हो."

स्वतःच्या आवाजात नाही, मास्तरीणबाईंच्या. आधी नाकातून थोडा वारा, मग डाव्या गालात अडकून आलेला ओलसर 'हो'.

"धन्यवाद," जावई म्हणाला आणि त्यानं बाईंना उचललं.

दाराशी धाकटी तोंडावर टॉवेल दाबून हसत होती. "जाऊबाई, तुम्ही चुकून इथं आलात. नाटकात जायचं होतं तुम्हाला."

"बादली भर," थोरली म्हणाली.

*

जावई म्हणजे यंत्र. हे नाव धाकटीनं ठेवलं होतं. "बघा ना," ती म्हणाली होती, "सगळ्यात चांगला कोपरा त्याला. रोज पुसायचं त्याला. बोलावल्याशिवाय जागचा हलत नाही. आणि चार भांडी विसळल्यासारखं काहीतरी केलं की सगळ्यांनी म्हणायचं, बाई बाई, किती गुणाचा!" नाव इतकं चिकटलं, की एकदा मेट्रनच बोलून गेली, "जावयाला चार्जिंगला लावलं का?" आणि मग कागद चाळायला लागली.

म्हाताऱ्यांच्या त्या निवासात हा मजला न चालणाऱ्यांचा. थोरली आणि धाकटी दोघी सख्ख्या जावा, दोघी तिथंच कामाला. थोरलीनंच धाकटीला चिकटवलं होतं. थोरलीचा नवरा जाऊन बरीच वर्षं झाली होती. घर दिराचं, म्हणजे धाकटीचं. त्या घरात थोरलीला जेवताना कुणी काही बोलत नव्हतं, कारण ती सकाळी डबा घेऊन बाहेर पडत होती. डबा घेऊन बाहेर पडणं थांबलं की लोक बोलायला लागतील, हे तिला कुणी सांगायची गरज नव्हती.

पाठीला जावई आवडला. पाठीनं त्याला पहिल्याच दिवशी घरचा मानून टाकलं. इतकी वर्षं माणसं उचलून उचलून थोरलीची कंबर अशी झाली होती, की शिंक आली तरी ती आधी भिंत धरायची. हातांना मात्र तो आवडला नाही. जावई उचलत असताना हातांना काय करावं ते कळायचं नाही. ते उगाच उशी सारखी करायचे.

आणि एक गोष्ट तिला आतून जाळायची. नातेवाईक आले की जावयाशेजारी उभे राहून फोटो काढायचे. इतक्या वर्षांत थोरलीशेजारी कुणी उभं राहिलं नव्हतं.

*

जावयाची एकच खोड. विचारल्याशिवाय तो कुणाला हात लावायचा नाही. आणि उत्तर त्या माणसाच्याच आवाजात हवं. कंपनीच्या माणसानं येऊन प्रत्येकाचा आवाज त्याला ऐकवून ठेवला होता. मास्तरीणबाईंपाशी त्याची आख्खी दुपार गेली. झटक्यानंतर बाईंची वाचा गेली होती, काही मोजके आवाज तेवढे उरले होते. "बाई, हो म्हणा," कंपनीचा माणूस म्हणत होता, "एकदाच, हो." बाईंनी जन्मभर मुलांकडून पाठ करून घेतलं होतं. आता कुणी आपल्याकडून करून घेतंय, याचा त्यांना भयंकर राग आला होता. रागाच्या भरातच तो 'हंऽ... हो' बाहेर पडला होता.

उत्तर आलं नाही तर जावई पुन्हा विचारायचा, आणि पुन्हा. मग हात मागे घेऊन कोपऱ्यात जायचा. त्याच्या कपाळावरचा दिवा पिवळा व्हायचा आणि खाली मेट्रनच्या टेबलावर घंटी वाजायची. मेट्रन वर यायची. सगळ्यांच्या आंघोळी रखडायच्या, नाश्ता गार व्हायचा, आणि बोलणी कुणी खायची? जावयानं? शक्यच नाही.

म्हणून थोरली एके दिवशी बोलून गेली. कोपऱ्यातल्या खोकलेआजोबांनी उगाच तोंड मिटून धरलं होतं, त्यांची लहर. थोरली खोकली आणि आजोबांसारखी गुरगुरली, "हो रे बाबा, हो!" जावई म्हणाला, "धन्यवाद." आजोबा हवेत वर जाताजाता इतके हसले, की त्यांना खरंच खोकला लागला.

मग सगळ्यांचंच सुरू झालं. दिवसभर बडबडतो म्हणून सगळे ज्याला पोपट म्हणायचे तो म्हातारा, ज्याला नेमकं सकाळीच बोलायचं नसायचं. चिडक्या काकू. ज्यांना ऐकूच येत नव्हतं ते पलीकडचे आजोबा. थोरली चादरी घडी करताकरता, पाठ फिरवून, एकेकाचा हो म्हणून टाकायची. धाकटीला ते काही केल्या जमायचं नाही. तिनं खोकलेआजोबांचा प्रयत्न केला तेव्हा जावयानं विचारलं होतं, "आपली तब्येत बरी आहे का?"

काकू रागावायच्या, पोपट टाळ्या वाजवायचा. सगळ्यांना तो खेळ वाटायचा.

मास्तरीणबाईंना तो खेळ वाटायचा नाही. जावई जवळ आला की त्यांच्या अंगावर काटा यायचा. थोरलीला तो दिसायचा.

*

थोरली नव्हती तो दिवस.

ती तापानं घरी पडली होती. धाकटी एकटी होती. तिनं जावयाला कोपऱ्यातून हलवलंच नाही. चिडक्या काकूंना उचललं, आजोबांना उचललं, मास्तरीणबाईंना तर सरळ कडेवर घेतलं. "बाई, काय हो हे? दप्तराएवढं तुमचं वजन. त्यातही एखादं पुस्तक घरी विसरलेलं." मास्तरीणबाई हसल्या. चेहऱ्याचा जेवढा भाग हसू शकत होता तेवढा सगळा हसला.

दुसऱ्या दिवशी धाकटीनं हे थोरलीला सांगितलं. थोरली म्हणाली, "आणि कंबर मोडली म्हणजे? कोण उचलणार तुला?"

तिला विचारायचं होतं ते वेगळंच होतं. बाई माझ्यापाशी शेवटचं कधी हसल्या होत्या?

*

मास्तरीणबाईंची मुलगी दुसऱ्या गावाहून यायची. बोलकी, घाईतली, डोळ्यांत पाणी पटकन येणारी. पर्समधून कंगवा काढायची, आईचे केस विंचरायची आणि विंचरता विंचरता थोरलीशी बोलायची.

"मावशी, आम्ही मोठं घर घेतलंय. एक खोली रिकामीच आहे. आईला न्यावंसं वाटतं. पण हिला काय हवंय तेच कळत नाही. एकदा नुसतं हो म्हणाली असती ना, मी तिथल्या तिथं उचलून नेलं असतं."

"विचारा की," थोरली म्हणाली.

"विचारते. नुसती बघत राहते."

बाई खरंच नुसत्या बघत होत्या. मुलगी दोनदा विचारायची नाही. जाण्याआधी ती जावयाशेजारी उभी राहून फोटो काढायची आणि थोरलीला म्हणायची, "जरा तिरका काढा ना, आईपण येऊ दे."

*

मेट्रननं दोघींना खाली बोलावलं. टेबलावर मिठाईचा डबा उघडा होता.

"घ्या. आपला मजला पहिला आला."

"कशात?" धाकटीनं विचारलं.

"बाकीच्या मजल्यांवर अर्धी माणसं यंत्राला नको म्हणतात. आम्हाला बाईच हवी म्हणून रडतात. तुमच्याकडे एकानंही नको म्हटलं नाही. सगळ्यांचा होकार, तोही पटापट. वरचे लोक फार खूश आहेत. पाहुणे येणार आहेत हा मजला बघायला." मेट्रननं एक तुकडा तोंडात टाकला. "आंघोळही आता तोच घालणार, खुर्ची येतेय त्याची. तेव्हा पुढच्या महिन्यापासून या मजल्यावर बाईमाणूस नको असं ठरलंय. मी नाही म्हणत हे. तुमचीच माणसं म्हणतायत."

धाकटीच्या हातात मिठाई तशीच राहिली. तिनं थोरलीकडे पाहिलं, आणि मग तिला हसू यायला लागलं. ते आवरेना. ती हसत हसत खुर्चीत बसली.

"काय झालं हिला?" मेट्रन म्हणाली.

"काही नाही मॅडम," थोरली म्हणाली. "पाणी देते तिला."

जिन्यात धाकटीनं डोळे पुसले. "वा जाऊबाई! सगळ्यांचा आवाज काढलात. आता आपला कोण काढणार?"

*

थोरली एकटीच परत खाली गेली.

"मॅडम, ते हो त्यांचे नव्हते. मी म्हणत होते."

मेट्रनला कळलं नाही. थोरलीनं पुन्हा सांगितलं.

"करून दाखवा."

थोरलीनं खोकलेआजोबा केले. मेट्रन दचकली, मग हसली. पोपट केला. मेट्रन आणखी हसली, म्हणाली, "अरे देवा! काकू करा, काकू." थोरलीनं काकू केल्या. टेबलापाशी उभी राहून, पोटावर हात बांधून, ती एकेक म्हातारा करत गेली, आणि मेट्रन डोळे टिपत होती.

"आणि मास्तरीणबाई?"

"हंऽ... हो."

मेट्रनचं हसू थांबलं. पंख्याचा आवाज ऐकू यायला लागला.

"त्यांना नको असायचं?"

"दांडी धरायच्या घट्ट. सोडवावी लागायची."

"पण बोलल्या नाहीत."

"त्यांना बोलता येत नाही मॅडम."

"तेच म्हणतेय मी. नको असं म्हणाल्या का?"

"नाही."

"मग झालं तर." मेट्रननं मिठाईचा डबा बंद केला. "आणखी कुणाला ठाऊक आहे?"

"जावेला."

"तिला जमतं हे?"

थोरलीला विचार करायला वेळ होता. पंखा फिरत होता, मेट्रन घाई करत नव्हती. "नाही," थोरली म्हणाली, "तिला नाही जमत."

"तुम्ही राहा. सकाळच्या. उचलायचं नाही, आंघोळ घालायची नाही, काही नाही. फक्त खोलीत असायचं. पाहुणे आले की तर नक्कीच असायचं."

"आणि ती?"

"आत्ता तुम्हीच सांगितलंत ना?"

थोरली जिना चढली तेव्हा तिची कंबर दुखत नव्हती. कितीतरी दिवसांत पहिल्यांदा. तिला स्वतःचीच लाज वाटायला हवी होती. पण आधी वाटलं ते हेच, की उद्याही डबा भरायचाय.

*

घरी.

"काय म्हणाली मेट्रन?"

"तुला काढणार म्हणाली. मला ठेवलंय."

"का?"

"भात लावते मी."

"मी विचारतेय का."

"तुझे हात धडधाकट आहेत. तुला कुठंही मिळेल काम. माझं काय होणार होतं?"

"हे तुम्ही म्हणालात तिला?"

"नाही."

"मग काय म्हणालात? मला पण ऐकू दे ना. माझ्या आवाजात म्हणून दाखवा. 'हो मॅडम, जाते मी, धन्यवाद.' असंच ना? माझ्या वतीनं पण हो म्हणून आलात ना, जाऊबाई?"

त्यानंतर धाकटी तिच्याशी भांडली नाही. तिनं दुसरंच सुरू केलं. दीर विचारायचा, "वहिनी, वाढू का अजून?" थोरलीनं तोंड उघडायच्या आत धाकटी म्हणायची, "नको म्हणतायत त्या." मुलं विचारायची, "काकू, येतेस का बाहेर फिरायला?" धाकटी म्हणायची, "दमल्यात त्या. झोपणारेत." अगदी गोड आवाजात. थोरली ताटावरून उठायची, खोलीत जाऊन पडायची आणि दिवा कुणीतरी बाहेरून बंद करायचं.

*

आता खोल्यांमध्ये थोरली नुसती उभी असायची.

जावई उचलायचा, खुर्चीत ठेवायचा, खुर्ची कोमट पाणी सोडायची, पाठ घासायची, वाऱ्यानं अंग कोरडं करायची. पाणी बरोबर कोमट असायचं. थोरलीच्या वेळी कधी कधी गरम व्हायचं. हेही तिच्या लक्षात आलं. पाहुणे यायचे, दाराशी घोळका करून बघायचे. थोरली पडदा सारखा करत हो म्हणायची. एक पाहुणा म्हणाला, "कमाल आहे, किती मनापासून म्हणतात!"

मग ती सकाळ.

"उचलू का?"

"न... को."

थोरलीच्या हातातला पडदा सुटला. मास्तरीणबाई बोलल्या होत्या. झटक्यानंतर स्वतःहून आलेला पहिला शब्द. त्यांचं तोंड वाकडं झालं होतं, मानेच्या शिरा ताठ होत्या, कपाळावर घाम होता. एवढ्याशा शब्दाच्या मागे त्या किती दिवस असतील कुणास ठाऊक. दांडीला धरून, डोळे मिटून, रोज थोडा थोडा तो जुळवत असतील. आणि तो आला म्हणून त्यांनी थोरलीकडे पाहिलं. जावयाकडे नाही, थोरलीकडे. वर्गात पहिल्यांदा बरोबर उत्तर देणारं पोर बघतं तसं.

दुसरी कुणीही असती तर ओरडत डॉक्टरकडे गेली असती. दाराशी तीन पाहुणे होते. त्यांच्या मागे मेट्रन.

थोरली खोकली. "हंऽ... हो."

जावई गोंधळला. त्याला एकाच आवाजात दोन उत्तरं मिळाली होती. "माफ करा. उचलू का?"

"न..."

"हो."

"धन्यवाद."

बाई वर गेल्या. पाण्याचा आवाज सुरू झाला. पाहुण्यांपैकी एकानं घड्याळ बघून काहीतरी लिहून घेतलं.

*

त्यानंतर बाईंनी दांडी धरली नाही.

हात पांघरुणावर ठेवून पडून राहायच्या. थोरली खोलीत शिरली, की जावई कोपऱ्यातून निघायच्याही आधी म्हणायच्या, "हो."

"अहो बाई, अजून कुणी काही विचारलं नाही."

"हो."

डॉक्टरांना फार आनंद झाला. वाचा परत येतेय म्हणाले. दुखतंय का? हो. दुखत नाही ना? हो. झोप लागली? हो. डॉक्टरांनी पुढच्या खोलीत जाताना थोरलीच्या पाठीवर थाप मारली. थोरलीला आता काहीच म्हणावं लागत नव्हतं. ती पडद्याशी उभी राहायची, आणि आता आपली गरज उरली नाही हे मेट्रनच्या ध्यानात येऊ नये असं तिला वाटायचं.

*

मुलगी आली ती आल्या आल्या रडली. फोनवर तिला कळलं होतं. पर्स पलंगावर टाकून तिनं आईचा चेहरा दोन्ही हातांत धरला.

"आई, ओळखलंस मला?"

"हो."

"बघ! मावशी, ऐकलंत? आई, बरं वाटतंय तुला इथं?"

"हो."

मुलीनं कंगवा काढला, परत आत ठेवला. मग पलंगावर नीट बसली, जवळ सरकली आणि हळू आवाजात म्हणाली, "आई, माझ्याकडे येतेस राहायला? माझ्या घरी?"

बाईंनी मान उशीवरून उचलली. उचलली ती तशीच धरली.

"हो."

या होकाराच्या आधी नाकातून वारा आला नाही. गालात काही अडकलं नाही. तो उजेडात ठेवलेल्या पेल्यासारखा स्वच्छ होता. मुलीनं हातानं तोंड झाकलं. तिचे खांदे हलायला लागले. मग, माणूस दारापाशी जाऊन परत एकदा कुलूप ओढून बघतो तसं, तिनं विचारलं,

"का इथंच राहतेस, आई? इथंच बरं आहे?"

बाईंची मान उशीवर पडली. त्यांनी थोरलीकडे पाहिलं. थोरली पडद्याशी होती, जिथं रोज असायची तिथं. बाईंच्या नाकातून वारा आला.

"हंऽ... हो."

मुलगी वळली. तिचा चेहरा अजून ओला होता, पण आता त्यावर हिशेब आला होता. मोठं घर, रिकामी खोली, सकाळची घाई, उचलणं.

"मावशी, तुम्ही रोज असता हिच्यापाशी. ही सगळ्यालाच हो म्हणते का आता?"

दोन्ही होकारांत काय फरक होता, ते त्या खोलीत दोघींनाच माहीत होतं, आणि त्यांतल्या एकीला बोलता येत नव्हतं. थोरलीनं सांगितलं असतं तर मुलीनं पुढे विचारलं असतं, हे असं कधीपासून, का, कुणामुळे. मुलगी बोलकी होती. ती खाली मेट्रनकडे गेली असती.

"सगळ्यालाच," थोरली म्हणाली. "काहीही विचारा."

मुलीनं मोठा श्वास सोडला. "बरं झालं तुम्हाला विचारलं. उगीच या वयात हलवाहलव केली असती तिची." तिनं नाक पुसलं, आईची उशी सारखी केली, आणि जायला उठताना तिला काहीतरी आठवलं. "आईच्या बाहेरच्या चपला आहेत का हो इथं? नव्या घेतल्या होत्या, आणि लगेच झटका आला. माझ्याच मापाच्या आहेत."

थोरली पलंगाखाली वाकली. कमरेतून कळ गेली, तिनं पलंगाचा पाय धरला. चपला अगदी मागे, भिंतीला लागून होत्या. तळ कोरे होते, वरून धूळ. तिनं अ‍ॅप्रनच्या टोकानं त्या पुसल्या, पट्टे सरळ केले आणि मुलीच्या पायांपुढे जोडीनं ठेवल्या.

मुलीनं स्वतःच्या काढून पिशवीत टाकल्या, या घातल्या आणि खोलीत दोन पावलं चालून पाहिलं.

"बसल्या," ती म्हणाली.

ती गेली. नव्या चपलांचा आवाज लांबच्या लांब पॅसेजमध्ये बराच वेळ येत राहिला. तो लिफ्टपाशी थांबेपर्यंत मास्तरीणबाईंनी मान दाराकडे वळवून ठेवली होती.